विश्लेषण : शाळेची घंटा नऊला, पण झोप कुणाची पुरी? कट्ट्यापासून कॅलिफोर्नियापर्यंतचे गणित

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश राज्य सरकारने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी काढला. मुलांची झोप पुरी व्हावी, हा त्यामागचा उघड हेतू. मात्र झोपेचे शास्त्र सांगते की, सकाळच्या शाळेचा सर्वाधिक फटका बसतो तो पाचवीच्या पुढच्या, त्यातही आठवी ते बारावीच्या मुलांना. आणि आदेशात नेमकी तीच मुले नाहीत. सिंधुदुर्गातील कट्ट्यासारख्या गावात तर शाळा मुळातच उशिरा भरते. मग तिथल्या मुलांची झोप नेमकी कशामुळे तुटते?

निर्णय नेमका काय आहे?

डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईत झालेल्या एका शासकीय कार्यक्रमात तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार करावा, असे सुचवले. हल्ली मुले मध्यरात्रीपर्यंत जागी असतात आणि शाळेसाठी त्यांना पहाटे उठावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर दोन महिन्यांत शालेय शिक्षण विभागाचा शासन निर्णय आला. त्या वेळी शिक्षण खाते सांभाळत होते दीपक केसरकर, म्हणजे सिंधुदुर्गातीलच सावंतवाडीचे आमदार.

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून सर्व माध्यमांच्या आणि सर्व व्यवस्थापनांच्या शाळांनी पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असे त्यात म्हटले आहे. बदलती जीवनशैली, करमणुकीची साधने, शहरांतील रात्रीचे आवाज यांमुळे मुले उशिरा झोपतात. थंडी-पावसात लवकर उठणे त्यांना जड जाते. पावसात आणि धुक्यात बस-व्हॅनने नेण्यातही अडचणी येतात, अशी कारणे शासनाने दिली. अध्यापनाचे तास मात्र कमी होता कामा नयेत, ही अट आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास अध्यापन बंधनकारक आहे. ज्या शाळांना वेळ बदलणे शक्यच नाही, त्यांच्याबाबत शिक्षणाधिकारी प्रकरण पाहून निर्णय घेतात.

कट्ट्यात या निर्णयाने काय बदलले?

फार थोडे. मालवण तालुक्यातील कट्टा म्हणजे वराड, पेंडूर, गोळवण, नांदोस अशा आसपासच्या गावांची बाजारपेठ आणि माध्यमिक शिक्षणाचे ठिकाण. कोकणातील जिल्हा परिषदेच्या बहुतांश प्राथमिक शाळा पूर्वीपासूनच सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास भरतात. सकाळी सातची घंटा हा प्रामुख्याने मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा शहरांचा प्रश्न. तिथे एकाच इमारतीत सकाळ आणि दुपार अशी दोन सत्रे चालतात, शिक्षक लोकलने येतात, स्कूल बस एका फेरीत एका शाळेची मुले सोडून दुसरीकडे धावते. म्हणून नऊच्या आदेशाला विरोध झाला तोही शहरांतून: दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांकडून आणि स्कूल बसचालकांच्या संघटनांकडून.

गावात घंटा उशिरा वाजते, पण मुलाचा दिवस घंटेबरोबर सुरू होत नाही. कोकणातल्या वाड्या विखुरलेल्या असतात. घरापासून पाणंद, मग साकव, मग डांबरी रस्ता, तिथून एसटी. पावसाळ्यात हेच अंतर जास्त वेळ खाते. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलाची वेळ शाळेपेक्षा एसटीच्या फेरीवर ठरते. घंटा साडेदहाची असली आणि सोयीची गाडी एकच असली, तर ती येईल तेव्हा निघायचे. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत अहिल्यादेवी होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. पास आहे, पण गाडी किती वाजता आहे, हा प्रश्न पासाने सुटत नाही.

दुसरी गोष्ट शनिवारची. सोमवार ते शुक्रवार दहाच्या पुढे आणि शनिवारी सकाळची शाळा, ही ग्रामीण महाराष्ट्रातील जुनी प्रथा. पाच दिवस सातला उठणारे मूल सहाव्या दिवशी साडेपाच-सहाला उठते आणि रविवारी आठ-नऊपर्यंत लोळते. झोपेच्या वेळांच्या या हेलकाव्यांना जर्मन संशोधक टिल रोनेबर्ग यांनी ‘सामाजिक जेटलॅग’ असे नाव दिले. विमान प्रवास न करताही शरीराला दर आठवड्याला वेगळ्या देशाच्या वेळेशी जुळवून घ्यावे लागते, असा त्याचा अर्थ.

मुलांना किती झोप लागते?

अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशी आज जगभर आधार मानल्या जातात :

• ३ ते ५ वर्षे : दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास
• ६ ते १२ वर्षे : ९ ते १२ तास
• १३ ते १८ वर्षे : ८ ते १० तास

आता उलटे गणित मांडून पाहू. समजा, एखादी मुलगी सातवीत आहे. शाळा दहाची, उठायची वेळ सात. नऊ तास झोप हवी तर तिने रात्री दहाला झोपले पाहिजे. हे जमण्यासारखे आहे. तीच मुलगी नववीत गेली आणि सकाळी साडेसहाची शिकवणी लागली, तर उठायचे साडेपाचला. किमान आठ तासांसाठी साडेनऊला, नऊ तासांसाठी साडेआठला झोपायला हवे. दहावी किंवा विज्ञान शाखेच्या बारावीच्या मुलाला साडेआठला झोप म्हणणारे घर सापडणे कठीण. म्हणजे गावात मुलांची झोप शाळेच्या घंटेपेक्षा शिकवणीच्या घंटेने अधिक कापली जाते. शाळेची वेळ सरकार ठरवू शकते. खासगी शिकवणीची वेळ शासन निर्णयाच्या कक्षेत येत नाही.

वयात येताना झोप का बदलते?

‘लवकर निजे, लवकर उठे’ ही शिकवण घराघरांत दिली जाते. किशोरवयीन मूल ती पाळत नाही म्हणून आळशी ठरते. त्याच्या शरीरात मात्र वेगळे काही घडत असते.

मेंदूत एक जैविक घड्याळ असते. अंधार पडला की ते मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवण्याचा इशारा देते आणि झोप येऊ लागते. पेशींमधील या घड्याळाची यंत्रणा उलगडणारे जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. अमेरिकेतील मेरी कार्स्काडन यांनी अनेक दशके मुलांच्या झोपेचा अभ्यास करून दाखवले की, वयात येताना हे घड्याळ पुढे सरकते. लहानपणी नऊला पेंगणाऱ्या मुलाला आता अकरापर्यंत झोप येत नाही. शिवाय दिवसभर जागे राहिल्यावर जो झोपेचा दाब साचतो, तोही या वयात सावकाश साचतो. थोडक्यात, या मुलांना उशिरा झोप येते, पण झोपेची गरज तितकी कमी होत नाही. सकाळी सहाला उठवलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाची पहाटेची झोप तुटते. स्मरणशक्ती आणि भावनांचा तोल यांच्याशी जवळचा संबंध असलेली, स्वप्ने पडणारी झोप याच शेवटच्या तासांत जास्त असते.

लहान मुलांचे घड्याळ याउलट असते. दहा वर्षांखालील मूल योग्य वेळी झोपवले, तर स्वभावतःच लवकर उठते. म्हणून नऊच्या आदेशातील विसंगती ठळक दिसते. ज्यांना उशिराची शाळा शरीराने हवी, ती मुले आदेशाबाहेर आहेत. ज्यांना ती मिळाली, त्यांची झोप मुख्यतः घरातल्या मोठ्यांच्या उशिरा झोपण्यामुळे बिघडते. त्यातच एका इमारतीत दोन सत्रे असतील, तर लहानांना उशिरा आणण्यासाठी मोठ्यांना सकाळच्या सत्रात बसवणे हाच सोपा मार्ग उरतो. म्हणजे एका गटाची झोप वाचवताना दुसऱ्याची कापली जाण्याचा धोका.

शाळा उशिरा भरवून जगात काय साधले?

अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत, अशी शिफारस केली. सिएटल शहराने २०१६ मध्ये शाळेची वेळ ७.५० वरून ८.४५ केली. तिथल्या विद्यापीठातील संशोधकांनी मुलांच्या मनगटावर हालचाल नोंदवणारी यंत्रे बांधून आधीच्या आणि नंतरच्या झोपेची तुलना केली. मुलांची रात्रीची झोप ६ तास ५० मिनिटांवरून ७ तास २४ मिनिटांवर गेली, म्हणजे ३४ मिनिटांनी वाढली. शाळा उशिरा म्हणून मुले तितकाच उशीर जागतील, ही भीती खरी ठरली नाही. हा अभ्यास डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदाच केला आणि १ जुलै २०२२ पासून तो लागू झाला. त्यानुसार वरच्या वर्गांच्या शाळा साडेआठच्या आणि मधल्या वर्गांच्या आठच्या आधी भरवता येत नाहीत. लक्षात घ्यावे की, हा कायदा मोठ्या मुलांसाठी आहे. महाराष्ट्राच्या अगदी उलट टोक. फ्लोरिडाने २०२३ मध्ये असाच कायदा केला, पण बसच्या फेऱ्या, वाढणारा खर्च आणि पालकांच्या कामाच्या वेळा यांचा मेळ बसेना, म्हणून तो २०२५ मध्ये मागे घेतला. शास्त्र काय सांगते हे माहीत असूनही अडचण शेवटी बसपाशी येते, ही गोष्ट फ्लोरिडात खरी आहे आणि मालवण तालुक्यातही.

घड्याळ आणि सूर्य यांचे काय?

मुलांच्या झोपेचा विचार करताना कोकण किनाऱ्याबाबत एक मुद्दा सहसा निसटतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर, म्हणजे उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळ ठरते. कट्टा सुमारे ७३.५ अंशांवर आहे. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३६ मिनिटे मागे चालतो. जानेवारीच्या मध्यावर इथे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि जूनमध्ये सातनंतर मावळतो. आसामच्या दिब्रुगडशी तुलना केली, तर एकाच घड्याळावर दोन ठिकाणांच्या सूर्यात जवळपास दीड तासाचे अंतर पडते. आसामच्या चहामळ्यांनी त्यावर तोडगा म्हणून एक तास पुढचा ‘बागान टाइम’ पाळला. मुंबईने उलट दिशेने तेच केले. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आल्यावरही ३९ मिनिटे मागे असलेला ‘मुंबई टाइम’ शहरात १९५५ पर्यंत चालू होता.

याचा मुलांच्या झोपेशी थेट संबंध आहे. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतातील माहितीवरून दाखवले की, सूर्यास्त एक तास उशिरा होणाऱ्या भागात मुले सुमारे अर्धा तास कमी झोपतात आणि त्यांचे एकूण शालेय शिक्षणही सुमारे ०.८ वर्षाने कमी भरते. कारण साधे आहे. अंधार उशिरा पडला की झोप उशिरा येते, पण शाळेची आणि कामाची वेळ घड्याळाने बांधलेली असल्यामुळे सकाळी उठण्यात सूट मिळत नाही. गरीब घरांत हा परिणाम अधिक दिसतो. उकाडा, डास, एका खोलीत पाच-सहा माणसे असतील तर वेळेवर पडूनही वेळेवर झोप लागत नाही.

यातून एक गोष्ट निघते. उशिराच्या सूर्यास्ताचे नुकसान सकाळच्या शाळेमुळे वाढते. शाळा दहाला भरत असेल तर ते बऱ्याच अंशी भरून निघू शकते. कोकणातील दहा-साडेदहाची शाळा ही कुणी झोपेचा अभ्यास करून ठरवलेली नाही, पण ती या किनाऱ्याच्या सूर्याला धरून आहे. दहावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ स्थापनेपासून राज्यात पहिले येत आले आहे. २०२४ मध्ये ९९.०१ टक्के, तर २०२५ मध्ये ९८.८२ टक्के. याचे श्रेय शाळेच्या वेळेला देणे घाईचे होईल, कारण त्यामागे शिक्षक, पालक, लहान वर्ग अशी अनेक कारणे आहेत. पण उशिरा भरणाऱ्या शाळेमुळे मुले मागे पडतात, हा समज टिकत नाही, एवढे त्यातून निश्चित कळते.

मग उन्हाळ्यातील सातची शाळा?

इथे दोन चांगले हेतू एकमेकांसमोर येतात. मार्च २०२५ मध्ये शिक्षण विभागाने उन्हाच्या तडाख्यामुळे राज्यभर एकच वेळापत्रक दिले. प्राथमिक शाळा सकाळी ७ ते ११.१५ आणि माध्यमिक शाळा सकाळी ७ ते ११.४५. विदर्भ-मराठवाड्यात दुपारच्या उन्हात मुलांना घरी पाठवणे धोक्याचे असते, यात वाद नाही. पण ज्या वर्षी लहान मुलांच्या झोपेसाठी नऊची मर्यादा पाळली गेली, त्याच वर्षाच्या अखेरीस तीच मुले सातला वर्गात बसली. कोकणात पारा तुलनेने कमी असतो, दमटपणा मात्र जास्त. रात्री उकाड्याने झोप लागत नाही आणि पहाटे जेव्हा हवा जरा गार होते, तेव्हाच उठायची वेळ येते. दुपारी घरी आलेले मूल दोन तास झोपते आणि रात्री पुन्हा अकरापर्यंत जागते. चक्र असे फिरत राहते. एकच वेळापत्रक चंद्रपूरला आणि मालवणला सारखेच लागू करण्यापेक्षा जिल्ह्याच्या हवामानाप्रमाणे वेळ ठरवण्याची मुभा दिली, तर दोन्ही हेतू साधता येतील.

रात्र लांबते ती कशाने?

मोबाइल हे पहिले उत्तर, आणि ते खरेही आहे. पडद्याचा उजेड मेलाटोनिनला मागे ढकलतो आणि त्याहून अधिक, एकामागून एक येणारे व्हिडीओ झोप लांबवतात. पण कोकणात रात्र जागवण्याची परंपरा मोबाइलच्या कितीतरी आधीची. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि दशावताराचा खेळ पहाटेपर्यंत चालतो. गणपतीत आरत्या-भजने रात्री उशिरापर्यंत रंगतात, शिमग्यात गावच जागे असते. याच जागरणांतून मुले गाणे, अभिनय, मृदंग शिकतात. वर्षातल्या अशा मोजक्या रात्रींनी कुणाची तब्येत बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत पेंगणाऱ्या मुलाकडे गावातले गुरुजीही काणाडोळा करत आले आहेत. बिघडते ते रोजच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या तुटीने. शाळेच्या सहा दिवसांत ती तीन ते साडेचार तासांवर जाते आणि रविवारच्या लोळण्याने पुरती फिटत नाही.

ध्वनिक्षेपकाचा प्रश्न वेगळा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. झोप हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रामलीला मैदान प्रकरणात म्हटले आहे. परीक्षेच्या दिवसांत हा नियम पाळला गेला, तर मुलांना मिळणारी झोप कोणत्याही नव्या आदेशाशिवाय वाढते.

पुढे काय करता येईल?

पहिले, पाचवी ते बारावीचा विचार. आदेशाची मर्यादा चौथीवर थांबवण्यामागे शास्त्रीय कारण नाही. शहरांत सकाळचे सत्र हटवणे कठीण असेल, तर निदान मोठ्या मुलांना आलटून-पालटून दुपारचे सत्र देता येईल.

दुसरे, एसटी. शाळेची वेळ आणि गाडीची वेळ दोन वेगळ्या कार्यालयांत ठरते. शाळा व्यवस्थापन समिती आणि आगार यांनी वर्षाच्या सुरुवातीला एकत्र बसून फेरी पंधरा-वीस मिनिटे पुढे-मागे केली, तरी वाडीवरच्या मुलाला रोज तितकी झोप मिळते.

तिसरे, अंतर. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव सरकारने मागवले होते. सिंधुदुर्गात कमी पटाच्या शाळा मोठ्या संख्येने आहेत. वाडीतली शाळा बंद होऊन चार-पाच किलोमीटरवरच्या शाळेत जावे लागले, तर सहा वर्षांच्या मुलाच्या दिवसाला प्रवासाचा तासभर जोडला जातो. असा प्रस्ताव तपासताना खर्च आणि पटसंख्येबरोबर मूल किती वाजता उठेल, हाही प्रश्न विचारायला हवा.

चौथे, शिकवण्या. पहाटेची शिकवणी संध्याकाळी नेणे पालक आणि शिक्षक यांच्या हातात आहे. गावात शिकवणी घेणारे आणि शिकवणीला पाठवणारे एकमेकांना ओळखतात. ग्रामसभेत किंवा पालकसभेत हा विषय निघाला, तर वेळ बदलायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही.

घरापुरते सांगायचे तर तज्ज्ञ तीन गोष्टींवर भर देतात : झोपण्या-उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही तासाभरापेक्षा जास्त हलू नये, झोपण्याआधी तासभर मोबाइल दुसऱ्या खोलीत असावा, आणि सकाळी उठल्यावर थोडा वेळ उन्हात, अंगणात जावे, कारण सकाळचा उजेड जैविक घड्याळ जागेवर आणतो. अंगण आणि ऊन या दोन्ही गोष्टी कट्ट्यात फुकट मिळतात. मुलाला त्यांच्यासाठी वेळ मिळतो की नाही, हे सकाळची पहिली घंटा शाळेची असते की शिकवणीची, यावर ठरेल.